मेरी डिसोझा

मेरी डिसोझा-सिक्वेरा (जन्म: १९३१, वांद्रे, मुंबई) या भारताच्या माजी धावपटू व हॉकीपटू होत. १९५१ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी २०० मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि ४ × १०० मीटर रिले शर्यतीत भारतीय संघासह रौप्यपदक मिळवले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली; परंतु प्रवासखर्चाची तरतूद नव्हती. मित्रमंडळींनी नृत्य व पत्त्यांच्या खेळांचे कार्यक्रम योजून निधी उभारला. नीलिमा घोष, आरती साहा व डॉली नझीर याही त्या ऑलिंपिक पथकात होत्या. हेलसिंकीत १०० व २०० मीटर या दोन्ही शर्यतींत मेरी यांचे आव्हान प्राथमिक फेरीतच संपुष्टात आले. १९५४ च्या मनिला आशियाई स्पर्धेत स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स, ख्रिस्तीन ब्राउन आणि मेरी यांच्या संघाने ४ × १०० मीटर रिलेचे सुवर्णपदक जिंकले. हॉकीतही त्यांनी देशाचे प्रतिनिधित्व केले. भारत सरकारचा ध्यानचंद पुरस्कार त्यांना २०१३ मध्ये, म्हणजे या सुवर्णपदकानंतर ५९ वर्षांनी मिळाला.