अल्पवयीन मुलीचा गर्भपात : पालकाची संमती आणि मुलीची गोपनीयता

अठरा वर्षांखालील मुलीला गर्भपात करून घ्यायचा असल्यास केवळ तिची इच्छा पुरेशी ठरत नाही. वैद्यकीय गर्भपात कायदा, १९७१ मधील कलम ३ नुसार पालकाची लेखी संमती आवश्यक असते. मात्र ‘पालक’ म्हणजे आई-वडीलच असे नव्हे. अल्पवयीन मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती, अशी या शब्दाची कायद्यातील व्याख्या आहे.

दुसरे बंधन २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याचे. अठरा वर्षांखालील मुलीशी आलेला शरीरसंबंध, तिची संमती असली तरी, गुन्हा ठरतो. त्याची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणे कलम १९ अन्वये सर्वांवर बंधनकारक आहे. डॉक्टरही त्यास अपवाद नाहीत. साहजिकच, पोलीस ठाण्याची पायरी टाळण्यासाठी मुली व त्यांचे पालक अपात्र व्यक्तींकडे वळण्याचा धोका असतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी या पेचातून काही अंशी मार्ग काढला. मुलगी व तिच्या पालकाने विनंती केल्यास, केवळ गर्भपाताच्या प्रयोजनापुरते, पोलिसांना द्यावयाच्या माहितीत डॉक्टरांनी तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

खबर देण्याचे बंधन मात्र कायम राहिले आणि पालकाच्या संमतीची अटही. घरी मनमोकळेपणाने सांगू शकणाऱ्या मुलीला या निकालाचा आधार आहे. जिला घरच्यांचीच भीती वाटते, तिच्यासाठी संमतीपत्रावर सही कोण करणार, हा प्रश्न उरतोच.