बाजार नाकारतो तिथून : डीएनडीआयची वाटचाल

1975 ते 1999 या पंचवीस वर्षांत जगभरात 1,393 नवी औषधं आली. त्यांतली उष्ण कटिबंधातले आजार आणि क्षय यांसाठीची मिळून जेमतेम 16. औषध संशोधनाचा पैसा श्रीमंत देशांत, आणि तो खर्च व्हायचा गिऱ्हाईक बघून. काँगोतल्या खेड्यात निद्रारोगाने खंगणारा शेतकरी कुणाच्याच हिशेबात बसत नव्हता.

त्याच्या वाट्याला यायचं मेलार्सोप्रॉल हे आर्सेनिकयुक्त इंजेक्शन. प्लॅस्टिकची सिरिंज त्याने खराब व्हायची, म्हणून काचेची वापरावी लागे. शिरेतून जाताना आग आग व्हायची आणि विसांतला एक रुग्ण औषधानेच दगावायचा. एफ्लोर्निथिन त्याहून सुरक्षित. पण नफा नाही म्हणून इंजेक्शनचं उत्पादन बंद पडलं. 2000 साली तेच रसायन बायकांच्या चेहऱ्यावरची लव कमी करणाऱ्या क्रीममधून अमेरिकेत अवतरलं. ओरड झाली, तेव्हा कुठे 2001 मध्ये रुग्णांसाठीच्या पुरवठ्याचा करार झाला.

1999 चं शांततेचं नोबेल मिळालेल्या ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने हा प्रश्न लावून धरला. त्यातून 2003 मध्ये जिनिव्हात ‘ड्रग्ज फॉर निग्लेक्टेड डिसीझेस इनिशिएटिव्ह’ म्हणजे डीएनडीआय उभी राहिली. संस्थापकांत पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट होती, तशीच भारताची आयसीएमआर, ब्राझीलचं ओस्वाल्दो क्रूझ प्रतिष्ठान, केनियाची वैद्यकीय संशोधन संस्था आणि मलेशियाचं आरोग्य मंत्रालयही. कोणत्या आजारावर काम करायचं, हे ठरवायला आजार असलेले देश प्रथमपासून बसले, हे या संस्थेचं वेगळेपण.

स्वतःची प्रयोगशाळा न बांधता विद्यापीठं, कंपन्या आणि सरकारी संस्थांना कामाला जुंपायचं, अशी पद्धत ठरली. 2007 मध्ये सनोफीबरोबर केलेली मलेरियाची संयुक्त गोळी पेटंटविना बाजारात आली. 2008 ची दुसरी गोळी ब्राझीलमध्ये तयार झाली आणि तिचं तंत्रज्ञान पुढे मुंबईच्या सिप्लाकडे गेलं. 2009 पासून निद्रारोगाच्या उपचारात एफ्लोर्निथिनच्या 56 सलाइनऐवजी 14 पुरू लागल्या, जोडीला निफर्टिमॉक्सच्या गोळ्या.

निद्रारोगात मोठा पल्ला गाठला फेक्सिनिडाझोल या औषधाने. जर्मन कंपनीने अर्ध्यावर सोडलेलं हे रसायन जुन्या नोंदी धुंडाळताना 2005 मध्ये हाती लागलं. आजार बळावलेल्या 394 रुग्णांवरची चाचणी काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात झाली. त्यासाठी दुर्गम रुग्णालयांना वीज, उपकरणं आणि प्रशिक्षण पुरवावं लागलं. 2018 मध्ये मान्यता मिळाली. दहा दिवस गोळ्या, बस्स. बहुतेक रुग्णांना सलाइन लावायची गरज उरली नाही.

तरी पारडं समतोल झालेलं नाही. मुख्यालय अजून जिनिव्हात आहे आणि पैसा मुख्यतः युरोपीय सरकारं आणि मोठी प्रतिष्ठानं यांच्याकडून येतो. त्यांनी हात आखडता घेतला, तर आजाराची निवड कितीही चोख असली तरी काम रखडणार. रुग्णांच्या देशांनी आपल्या अंदाजपत्रकात या संशोधनाची तरतूद करणं, हा पुढचा टप्पा आहे. आणि तो संस्थेला एकटीने पार करता येणारा नाही.