लॉ सीईटी, क्लॅटचे मार्क एका जागी अडकले? आधी चुकांचा हिशेब मांडा

बेळगाव : बारावीनंतर पाच वर्षांच्या लॉ कोर्सला जायचं ठरवलेल्या सीमाभागातल्या मुलांसमोर सहसा दोन प्रवेश परीक्षा असतात. महाराष्ट्राची एमएच-सीईटी लॉ आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट. सुरुवातीला मॉक टेस्टचे मार्क भराभर वाढतात आणि मग एका आकड्यावर येऊन थांबतात. घरचे नवा क्लास शोधू लागतात, मुलं नवी पुस्तकं आणतात. पण बऱ्याचदा अडचण अभ्यास कमी पडल्याची नसते, तर त्याच त्या चुका पुन्हा होत असल्याची असते.

दोन परीक्षा, दोन पद्धती

क्लॅट पदवीचा पेपर १२० प्रश्नांचा, वेळ दोन तास. पेपर फक्त इंग्रजीत आणि लेखी असतो. प्रश्न उताऱ्यांवर असतात आणि चुकीच्या उत्तराला ०.२५ गुण कापले जातात. परीक्षा अलीकडे डिसेंबरात होते.

एमएच-सीईटी लॉ संगणकावर होते. पेपर इंग्रजी आणि मराठीत असतो आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. २०२५ च्या पाच वर्षांच्या कोर्सच्या पेपरातही १२० प्रश्न होते : कायदेविषयक कल ३२, तर्कक्षमता ३२, सामान्यज्ञान २४, इंग्रजी २४ आणि गणित ८. म्हणजे सीईटीत एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. क्लॅटला मात्र हा नियम लावून चालत नाही.

घाई किती महाग पडते?

क्लॅटमध्ये एकाने ११० प्रश्न सोडवले, ७० बरोबर आले, ४० चुकले. मार्क झाले ६०. दुसऱ्याने ९२ च सोडवले, ७२ बरोबर, २० चूक. त्याचे मार्क ६७. अठरा प्रश्न कमी सोडवूनही तो सात मार्कांनी पुढे.

अंदाजाचाही हिशेब आहे. चार प्रश्नांना डोळे झाकून खूण केली आणि एक बरोबर आला, तर हाती पाव मार्क. पण प्रत्येक प्रश्नातले दोन पर्याय खात्रीने बाद करून खूण केली आणि निम्मे बरोबर आले, तर दीड मार्क. म्हणून आधी पर्याय बाद करायला शिकावं.

चुकांची वही

प्रत्येक मॉकनंतर चुकलेले प्रश्न चार रकान्यांत लिहावेत : माहितीच नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, दोन पर्यायांत गोंधळ झाला, वेळ संपला. पाच-सहा पेपर झाले की कोणता रकाना भरतोय ते दिसतं. पहिला भरत असेल तरच पुस्तकाकडे जायचं. दुसरा भरत असेल तर नवं पुस्तक आणून उपयोग नाही, वाचायचा वेग आवरावा लागेल. आठवड्याला एक-दोन मॉक पुरे, पण पेपर जितका वेळ सोडवला तितकाच वेळ तपासायला द्यावा.

उताऱ्यातला नियमच खरा

समजा नियम दिलाय, ‘१८ वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार बंधनकारक नाही.’ सतरा वर्षांचा मुलगा हप्त्याने मोबाईल घेतो, दिसायला वीस-बावीसचा वाटतो, पुढे हप्ते थकवतो. दुकानदाराची कीव येऊन अनेक जण करार बंधनकारक ठरवतात. नियमात दिसण्याचा उल्लेखच नाही, फक्त वयाचा आहे. त्यामुळे उत्तर ‘बंधनकारक नाही’ हेच.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी रोज इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख वाचून त्याचा सारांश मराठीत दोन ओळींत लिहावा. दोन ओळी जमल्या नाहीत, तर लेख समजला नाही असं धरून पुन्हा वाचावा.

आपल्या भागातूनच कलमं लक्षात राहतात

सीईटीत कायद्याची थेट माहितीही विचारतात. कलमं नुसती घोकण्यापेक्षा ती बातमीशी जोडावीत. महाराष्ट्राने सीमाप्रश्नी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो कलम १३१ खाली. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीबद्दल कलम ३५० अ, तर अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांबद्दल कलम ३०. जुनं गाईड वापरणाऱ्यांनी एक बघावं : १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे.

अर्ज भरताना

महाराष्ट्रात अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांत विवादित सीमाभागातल्या मराठी भाषकांसाठी वेगळा उमेदवारी प्रकार असतो. लॉच्या अर्जाआधी त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेतलं उमेदवारीचं पान स्वतः वाचावं आणि लागणारे दाखले आधीच काढून ठेवावेत. मार्क मिळवूनही दाखल्यापायी जागा जाणं परवडणारं नाही.