कण्हणाऱ्या बाळाचे म्हणणे

घरात नवे बाळ आले की पहिले काही दिवस सगळ्यांचे कान पाळण्याकडे लागलेले असतात. बाळ झोपेत घुरघुरते, मधेच शिंकते, उचक्या देते, सुस्कारे टाकते; कधी भराभर पाचसात श्वास घेते आणि क्षणभर थांबूनच जाते. नवखी आई घाबरते आणि आजी "असंच असतं गं" म्हणून तिची समजूत घालते. बहुतेक वेळा आजीचेच बरोबर असते. नवजात बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेते. नाकातली वाट अगदी अरुंद, त्यामुळे जरासा चिकट स्राव अडकला तरी घुरघुर ऐकू येते. श्वासाची लय सांभाळणारी मेंदूतील यंत्रणा अजून कोवळी असते, म्हणून मधेच पाच-दहा सेकंदांचा विराम पडतो. शी करताना पोटाचे स्नायू आवळायचे आणि त्याच वेळी खालचे स्नायू सैल सोडायचे, हा मेळ जमायलाही काही आठवडे लागतात. तोवर बाळ लालबुंद होऊन कुंथत राहते.

या सगळ्या आवाजांत एक मात्र वेगळा आहे. श्वास बाहेर टाकताना, आणि जवळजवळ प्रत्येक श्वासाला, बाळ 'अंह्, अंह्' असा आखूड, दबलेला आवाज काढते. त्याला आपण कण्हणे म्हणतो. इंग्रजीत कुंथण्याला आणि या कण्हण्याला 'ग्रंटिंग' हा एकच शब्द वापरतात. मराठीने दोन शब्द ठेवले आहेत आणि हा फरक फार मोलाचा आहे. कुंथणारे बाळ सहसा निरोगी असते, कण्हणारे बाळ संकटात असते. ते का कण्हते, हे कळायला वैद्यकाला विसावे शतक बरेच उलटावे लागले. त्या शोधाची ही हकिकत आहे.

काचेसारखा पडदा

अपुऱ्या दिवसांची बाळे जन्मल्यावर काही वेळातच धापा टाकू लागतात, कण्हतात, निळसर पडतात आणि दोन-तीन दिवसांत दगावतात, हे डॉक्टरांच्या परिचयाचे होते. १९०३ साली होखहाइम या जर्मन शास्त्रज्ञाने अशा बाळांच्या फुफ्फुसांत काचेसारखा दिसणारा पातळ पडदा असल्याची नोंद केली. पुढे या विकाराला पडद्यावरूनच 'हायलिन मेम्ब्रेन डिसीज' असे नाव पडले. साहजिकच सगळ्यांचे लक्ष त्या पडद्यावर खिळले. तो कशाचा बनला आहे? बाळाने गर्भजल किंवा दूध श्वासातून आत ओढले असेल का? फुफ्फुसात नको असलेले काहीतरी साचले आहे, ही समजूत जवळजवळ अर्धशतक टिकली. कण्हण्याकडे तर कोणी फारसे पाहिलेच नाही. ते वेदनेचे, थकव्याचे लक्षण मानले जाई.

नरसाळे आणि मेणबत्ती

उत्तर आले ते वेगळ्याच दिशेने, भौतिकशास्त्राकडून. वर्गात सहज करता येईल असा एक प्रयोग आधी पाहू. नरसाळ्याचे रुंद तोंड साबणाच्या पाण्यात बुडवा आणि नळीतून हळूच फुंकून मोठा फुगा करा. आता नळीचे मोकळे टोक पेटत्या मेणबत्तीजवळ धरा. फुगा आपोआप लहान होत जातो आणि नळीतून बाहेर पडणाऱ्या हवेने ज्योत हलते. फुग्याच्या पातळ पापुद्र्यातील पृष्ठताण त्याला आकसायला लावतो. फुगा जितका लहान, तितका त्याच्या आतला दाब जास्त, हा लाप्लासचा नियम आहे. नळीच्या टोकावर बोट ठेवले की फुग्याचे आकसणे थांबते. हे बोट लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आपल्या फुफ्फुसांत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात आणि त्यांना आतून ओलसर अस्तर असते. म्हणजे प्रत्येक वायुकोश हा एक प्रकारचा बुडबुडाच. १९२९ साली स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी फुफ्फुस हवेऐवजी द्रवाने फुगवून पाहिले, तेव्हा ते खूपच कमी दाबाने फुगले. द्रव भरल्यावर हवा आणि पाणी यांच्यामधला पृष्ठभाग उरत नाही, पृष्ठताणही उरत नाही. फुफ्फुस आकसण्यामागे पृष्ठताणाचा मोठा वाटा आहे, हे त्यांनी दाखवले. पण या लेखाकडे पंचवीस वर्षे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

पुढचे पाऊल पडले ते युद्धासाठी चाललेल्या संशोधनातून. विषारी वायूंमुळे फुफ्फुसात फेस होतो, त्याचा अभ्यास इंग्लंडमध्ये रिचर्ड पॅटल करीत होते. या फेसातले बुडबुडे विलक्षण टिकाऊ असल्याचे त्यांनी १९५५ मध्ये जाहीर केले. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत जॉन क्लेमेंट्स यांनी १९५७ मध्ये फुफ्फुसाच्या अर्काचा पृष्ठताण प्रत्यक्ष मोजला. शरीराच्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण सेंटिमीटरला सुमारे ७० डाइन असतो. या अर्काचा पृष्ठभाग दाबून लहान केला की तो १० डाइनच्याही खाली येई. वायुकोशांच्या अस्तरात साबणासारखे काम करणारे एक द्रव्य असते, ते 'सर्फॅक्टंट', हे यातून स्पष्ट झाले.

त्याच सुमारास बोस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी ही तरुण बालरोगतज्ज्ञ नवजात बाळांच्या फुफ्फुसांचा अभ्यास करीत होती. क्लेमेंट्स यांच्या प्रयोगशाळेत जाऊन तिने मापनाची पद्धत समजून घेतली. मग जेरे मीड यांच्यासह तिने दगावलेल्या बाळांच्या फुफ्फुसांचे अर्क तपासले. काचेसारख्या पडद्याच्या विकाराने गेलेल्या बाळांमध्ये पृष्ठताण जास्त आढळला. १९५९ च्या या निबंधाने अर्धशतकाचा प्रश्न उलटा करून टाकला. या बाळांच्या फुफ्फुसात नको ते साचलेले नव्हते, हवे ते अजून तयार झालेले नव्हते. गर्भात सर्फॅक्टंट पुरेसे व्हायला साधारणपणे ३५ आठवडे लागतात. ते नसेल तर प्रत्येक उच्छ्वासाबरोबर वायुकोश मिटतात आणि पुढचा प्रत्येक श्वास जन्मानंतरच्या पहिल्या श्वासाइतका कष्टाचा होतो. पडदा हा त्या नासाडीचा परिणाम होता.

कारण कळले, तरी उपाय हाती नव्हता. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. दिवस साडेपाच आठवड्यांनी कमी, वजन सुमारे २.१ किलो. बोस्टनमध्ये त्याला जास्त दाबाच्या ऑक्सिजनच्या कक्षात ठेवण्यात आले. तरीही ३९ तासांत याच विकाराने तो गेला.

कण्हणे थांबवून पाहिले तेव्हा

साठीच्या दशकात काही रुग्णालयांत अशा बाळांच्या श्वासनलिकेत नळी घालून त्यांना यंत्राने श्वास देण्याचे प्रयत्न सुरू झाले. दक्षिण आफ्रिकेत केपटाउन येथे हॅरिसन, हीस आणि क्लाइन या डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला: या बाळांचे कण्हणे बंद झाले तर काय होते? स्वरतंतूंच्या मधून नळी आत गेली की ते मिटू शकत नाहीत आणि कण्हणे थांबते. तसे झाल्यावर बाळाच्या रक्तातील ऑक्सिजन घटला. नळी काढल्यावर बाळ पुन्हा कण्हू लागले आणि ऑक्सिजन पुन्हा वाढला. १९६८ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले.

नरसाळ्यावरचे बोट आठवा. कण्हणारे बाळ श्वास सोडताना स्वरतंतू जवळजवळ मिटून घेते आणि छाती-पोटाच्या स्नायूंनी आतल्या हवेवर जोर देते. हवा कोंडून राहते, दाब टिकतो, वायुकोश मिटत नाहीत. मग अडलेली हवा थोडी थोडी सुटते आणि तिचा आवाज होतो. म्हणजे ज्याला आपण तक्रार समजत होतो, तो बाळाने स्वतःच शोधलेला उपचार होता. नळी घालणारा डॉक्टर नकळत नरसाळ्यावरचे बोटच काढून घेत होता.

पाण्यात बुडवलेली नळी

हे कळल्यावर पुढची कल्पना सुचणे शक्य झाले. बाळ जे दमून जाईपर्यंत करते, ते बाहेरून करून द्यावे. सॅन फ्रान्सिस्कोतील भूलतज्ज्ञ जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः श्वास घेणाऱ्या बाळांना सतत थोड्या वाढीव दाबाखाली हवा आणि ऑक्सिजन दिला. या पद्धतीला 'सीपॅप' म्हणतात. १९७१ साली त्यांनी २० बाळांची माहिती प्रसिद्ध केली; त्यांतील १६ वाचली. तोवर इतक्या आजारी बाळांपैकी फार थोडी हाती लागत.

या उपचाराचे सर्वांत साधे रूप न्यूयॉर्कमध्ये डॉ. वुंग यांनी रुळवले. नाकपुड्यांत आखूड नळ्या बसवायच्या, त्यांतून हवेचा प्रवाह सोडायचा आणि बाहेर जाणाऱ्या नळीचे टोक पाण्यात बुडवून ठेवायचे. टोक पाच सेंटिमीटर खोल असेल, तर दाबही पाच सेंटिमीटर पाण्याइतका. बुडबुडे येत आहेत ना, एवढे पाहायचे. १९८७ साली एव्हरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आठ रुग्णालयांची तुलना केली, तेव्हा बाळांच्या फुफ्फुसांना दीर्घकालीन इजा होण्याचे प्रमाण याच रुग्णालयात सर्वांत कमी निघाले.

दरम्यान १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हौवी यांनी, आईला प्रसूतीपूर्वी स्टेरॉइड दिल्यास बाळाचे फुफ्फुस लवकर तयार होते, हे दाखवले. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुफ्फुसापासून केलेले सर्फॅक्टंट बाळांच्या फुफ्फुसात सोडण्यात यश मिळवले.

गडचिरोलीतले कान

या कथेचा एक धागा आपल्याकडेही येतो. कण्हणे हे फक्त अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे लक्षण नाही. न्यूमोनिया झालेले बाळही वायुकोश उघडे ठेवण्यासाठी हीच युक्ती वापरते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवले. जंतुसंसर्ग ओळखण्याच्या लक्षणांत बाळाचे रडणे क्षीण होणे आणि बाळ कण्हणे यांचाही समावेश होता. बाळाला ऊब, स्तनपान, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्गावर औषध अशा सगळ्या उपायांनी मिळून ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून तीन वर्षांत सुमारे २५ वर आले. १९९९ साली हे 'लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे रक्तातला ऑक्सिजन मोजणारे यंत्र नव्हते. ऐकायचे काय, हे शिकवलेले कान होते.

असे कान कोणालाही कमावता येतात. बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. ६० किंवा अधिक भरले तर पुन्हा मोजावेत. पुन्हा तितकेच आले, नाकपुड्या फुलत असल्या, बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असली, ओठ निळसर दिसले किंवा बाळ श्वासागणिक कण्हत असले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. घुरघुर, शिंका, उचक्या आणि कुंथणे यांबाबत आजीचे ऐकावे.

पृष्ठताण शिकवताना आपण पाण्यावर तरंगणारी सुई दाखवतो. पुढच्या वेळी नरसाळे आणि मेणबत्तीही न्यावी. नळीच्या टोकावर एखाद्या विद्यार्थ्याला बोट ठेवायला सांगावे आणि फुगा थांबला की विचारावे, हेच काम करणारे बाळ कसला आवाज काढत असेल?