ऑक्सफर्ड की केंब्रिज? अर्ज एकाच ठिकाणी करता येतो

बारावीनंतर ब्रिटनमध्ये पदवीसाठी जायचं असेल तर ‘यूकॅस’ या सामाईक यंत्रणेमार्फत अर्ज करावा लागतो. त्यात पाच पर्याय देता येतात. पण बारावीनंतरच्या विद्यार्थ्याला एकाच वर्षी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज अशा दोन्हींकडे अर्ज करता येत नाही. दोन्हींची मुदत १५ ऑक्टोबरलाच संपते, ब्रिटनच्या वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजता. तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात.

म्हणजे बोर्डाची परीक्षा व्हायच्या चार-पाच महिने आधीच निर्णय घ्यावा लागतो. तो कसा घ्यायचा?

आधी विषय, मग विद्यापीठ

दोन्हींकडे सगळे कोर्सेस सारखे नाहीत. केंब्रिजमध्ये ‘नॅचरल सायन्सेस’ या एकाच पदवीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असे विषय घेऊन सुरुवात होते आणि पुढे हळूहळू एका शाखेकडे वळता येतं. ऑक्सफर्डमध्ये यातली शाखा प्रवेशाच्या वेळीच निवडावी लागते. नुसतं अर्थशास्त्र शिकायचं असेल तर केंब्रिज. तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवणारी प्रसिद्ध ‘पीपीई’ पदवी ऑक्सफर्डची. आर्किटेक्चरची पदवी केंब्रिजमध्ये आहे, ऑक्सफर्ड विद्यापीठात नाही.

परीक्षा कधी, हेही बघा

अनेक कोर्सेसना मुलाखतीआधी लेखी परीक्षा असते आणि तिची नोंदणी वेगळी करावी लागते. गणितात मात्र मोठा फरक आहे. ऑक्सफर्डची परीक्षा मुलाखतीआधी होते. केंब्रिजमध्ये प्रवेशाची ऑफर मिळाल्यानंतर जूनमध्ये ‘स्टेप’ ही अवघड परीक्षा द्यावी लागते. तिथे ठरलेली श्रेणी मिळाली नाही, तर हातातली ऑफरही जाऊ शकते. जेईईची तयारी करणाऱ्यांनी हे वेळापत्रक आधीच जुळवून पाहावं.

फी आणि पात्रता

भारतीय विद्यार्थ्यांना परदेशी विद्यार्थ्यांची फी लागू होते. केंब्रिजमध्ये ट्यूशन फीशिवाय वेगळी कॉलेज फीही असते, ऑक्सफर्डच्या कोर्स फीमध्ये ती धरलेली असते. त्यामुळे फक्त ट्यूशन फीचे आकडे शेजारी ठेवून तुलना केली तर फसगत होते. सीबीएसई, आयसीएसई आणि महाराष्ट्र बोर्ड यांच्या गुणांबाबत दोन्ही विद्यापीठांचे नियम वेगळे आहेत. एचएससीच्या विद्यार्थ्यांनी सगळ्यात आधी तेच तपासावेत. शिवाय ज्युनिअर कॉलेजकडून शिफारस आणि बारावीच्या गुणांचा अंदाज लागतो. तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मागून चालत नाही.

पुण्याची दोन जुनी उदाहरणं

या दोन्ही वाटा पुण्याला नव्या नाहीत. फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी र. पु. परांजपे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गणित शिकले. १८९९ मध्ये ते ‘सीनिअर रँग्लर’ झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. पण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवी देत नव्हतं, त्यामुळे प्रत्यक्ष पदवी मिळायला १९२२ साल उजाडलं.

‘कुठे प्रवेश सोपा?’

सोशल मीडियावर हा प्रश्न सारखा विचारला जातो. पण स्पर्धा कोर्सनुसार बदलते, त्यामुळे पूर्ण विद्यापीठाचा आकडा बघून फारसं काही कळत नाही. शिकवण्याची पद्धतही बरीच सारखी आहे. दोन-तीन विद्यार्थी आणि एक शिक्षक अशा छोट्या तासाला ऑक्सफर्डमध्ये ‘ट्युटोरियल’ म्हणतात, केंब्रिजमध्ये ‘सुपरव्हिजन’.

म्हणून दोन्ही कोर्सेसचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचणं हाच निवडीचा भरवशाचा मार्ग. जो वाचताना पुस्तक उघडावंसं वाटतं, तिथे अर्ज करावा. मुलाखतीतही विषयाची हीच ओढ तपासली जाते.

नकार आला तरी त्याच अर्जातले इतर चार पर्याय शाबूत राहतात. आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी ही अट नाही. तेव्हा दोन्हींकडे एकाच वर्षी अर्ज करता येतो.