अडवणुकीचा डाव

बदाम सात खेळताना प्रत्येक घरात एक तरी माणूस असा असतो, जो इस्पिकची अठ्ठी हातात दाबून बसतो. सत्ती केव्हाच लागलेली असते. नव्वी, दश्शी, गुलाम, राणी घेऊन बाकीचे तळमळत असतात आणि हा माणूस शांतपणे किलवरची पाच्ची लावतो. नियम कुठेही मोडलेला नसतो. तरीही लहान मुलं रडकुंडीला येतात आणि मोठी माणसं "हे काय खेळणं झालं?" म्हणतात. आमच्याकडे हा मान वन्संचा. त्या हे वाचणार आहेत, म्हणून आधीच सांगते की ही तक्रार नाही. आजचा लेख त्यांच्या जातीच्या खेळाडूंवर आहे.

'मॅजिक: द गॅदरिंग' नावाचा पत्त्यांचा खेळ आहे. माझा नातू तो खेळतो. मध्यंतरी एका स्पर्धेत तो एका विचित्र डेककडून हरला आणि "आजी, त्यानं मला खेळूच दिलं नाही, हा खेळच नव्हे" असं म्हणून दोन दिवस धुमसत होता. मला ते वाक्य ओळखीचं वाटलं. तीसेक वर्षं इतिहास शिकवला आहे, त्यामुळे कुणी "हे आजकालचंच" म्हटलं की मागे जाऊन बघायची खोड जडली आहे. तशी बघितली.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या प्राध्यापकानं तो रचला आणि ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेत तो बाजारात आला. प्रत्येक खेळाडू आपापला किमान साठ पत्त्यांचा डेक घरून बांधून आणतो. एकच पत्ता चारपेक्षा जास्त वेळा घालता येत नाही, मूलभूत जमिनी तेवढ्या अपवाद. जमिनीचे पत्ते दर पाळीला एक या हिशेबानं मांडायचे, त्यांतून 'माना' नावाची शक्ती काढायची आणि तिच्या जोरावर बाकीचे पत्ते खेळायचे. दोघांनाही वीस गुणांचं आयुष्य असतं. ते संपलं की हार. पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा असे पाच रंग आहेत आणि ज्या रंगाचा पत्ता त्या रंगाची जमीन लागते.

याला मोठा अपवाद म्हणजे आर्टिफॅक्ट. हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे इनामगावच्या उत्खननातली खापरं येतात, पण इथे अर्थ यंत्र, अवजार, जादूची वस्तू असा आहे. या वस्तूंना बहुतेक वेळा रंग नसतो, म्हणजे त्या कुणालाही वापरता येतात. पहिल्याच संचात फुकट खेळता येणारी पाच मॉक्स रत्नं आणि एका मानात बसून दर पाळीला दोन देणारी सोल रिंग होती. त्या इतक्या भारी ठरल्या की १९९४ मध्येच स्पर्धांमध्ये डेकमागे प्रत्येकी एकच अशी मर्यादा घालावी लागली. सर्वांची म्हणून जी वस्तू असते, ती बेतानं वापरावी हे कुणाच्याच मनात येत नाही.

सुरुवातीला लोक मोठमोठे राक्षस आणि ड्रॅगन डेकमध्ये कोंबत. १९९५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या ब्रायन वाइसमननं उलटं केलं. त्याच्या डेकला नुसतं 'द डेक' म्हणतात. त्यात हल्ला करणारं म्हणावं असं काय होतं, तर दोन सेरा एंजल. बाकी सगळा बंदोबस्त. 'मोट' नावाचा पत्ता खंदकासारखा. तो मांडला की न उडणाऱ्या कुणालाही हल्ला करता येत नाही, आणि एंजल उडते, म्हणजे तिला खंदकाची अडचण नाही. जेमडे टोम हे आर्टिफॅक्ट चार माना घेऊन एक जादा पत्ता देतं. डिसरप्टिंग सेप्टर तीन माना घेऊन समोरच्याला एक पत्ता टाकायला लावतं. एकेक पत्ता वाढवत, समोरच्याचा एकेक कमी करत जायचं. यातली खरी गंमत नंतर लक्षात येते. समोरच्यानं राक्षस मारण्यासाठी म्हणून जे पत्ते आणलेले असत, त्यांना मारायला कुणी सापडतच नसे. ते त्याच्या हातात नुसते पडून राहत. त्याचे पत्ते त्याच्याच हातात कुजवणं, ही अडवणुकीची पहिली शिस्तशीर मांडणी.

पुढचा टप्पा १९९९ चा. योकोहामाला झालेली जागतिक स्पर्धा जर्मनीच्या काई बुडेनं जिंकली. त्याचा डेक मला फार आवडतो, कारण त्यातला प्रत्येक पत्ता दुसऱ्यासाठी जागा करून देतो. मध्यभागी 'वाइल्डफायर' हा सहा मानांचा वणवा. तो पेटला की दोन्ही खेळाडूंनी चार-चार जमिनी गमवायच्या आणि प्रत्येक प्राण्याला चार गुणांची इजा. वणवा दोघांनाही सारखाच जाळतो, मग फायदा कुणाचा? ज्याची शक्ती जमिनीत नाही त्याचा. बुडेची निम्मी शक्ती आर्टिफॅक्टमध्ये होती आणि वणवा आर्टिफॅक्टला शिवत नाही.

एक डाव कागदावर मांडून पाहू. पहिल्या पाळीला 'एन्शंट टूम' ही जमीन. ती दोन माना देते, मात्र प्रत्येक वेळी आपलेच दोन गुण खाते. त्या दोनांत ग्रिम मोनोलिथ. तो लगेच तीन देतो (मग चार माना भरल्याशिवाय पुन्हा उठत नाही, पण आत्ता त्याची फिकीर नाही). त्या तिनांत वर्न पॉवरस्टोन, जो पुढच्या पाळीपासून दोन देईल. दुसऱ्या पाळीला एक डोंगर: दोन, एक आणि दोन मिळून पाच. पाचांत 'कव्हेटस ड्रॅगन', सहाची ताकद, पाचांचा टिकाव, उडणारा. हा लोभी ड्रॅगन मालकाकडे एकही आर्टिफॅक्ट उरलं नाही की निघून जातो. इथे तो प्रश्न नाही. तिसऱ्या पाळीला आणखी एक डोंगर, म्हणजे सहा माना. ड्रॅगननं आधी सहा गुणांचा घास घ्यायचा आणि मग वणवा पेटवायचा. आपल्या तीन जमिनी गेल्या, समोरच्याच्याही सगळ्या गेल्या. त्याचे लहानसहान प्राणी गेले. ड्रॅगनला चारांची इजा झाली, पण टिकाव पाचांचा. पॉवरस्टोन जागेवर. सहाव्या पाळीला खेळ संपतो आणि तोवर समोरचा पहिल्या पाळीच्या जागी येऊन बसलेला असतो.

दर वेळी असं जुळत नाही हे सांगायला नकोच. माना देणारी आर्टिफॅक्ट जास्त घातली तर हातात नुसती भांडी येतात आणि शिजवायला तांदूळ नसतो. कमी घातली तर तांदूळ भिजत पडतो आणि चुलीवर चढवायला भांडं नाही. साठांची मर्यादा गृहीत धरली तर एक पत्ता घालायचा म्हणजे एक काढायचा, आणि या मंडळींचे महिने त्या एका पत्त्यावर जातात. दर वर्षी ठरलेल्या तासिकांत अभ्यासक्रम बसवणाऱ्या शिक्षकांना हे दुखणं समजेल.

आता नातवाच्या शत्रूकडे येते. त्या डेकचं नाव 'लँटर्न कंट्रोल'. २०११ मध्ये सुरू झालेल्या 'मॉडर्न' या प्रकारात तो हळूहळू, अनेक हातांनी घडत गेला. सप्टेंबर २०१५ मध्ये झॅक एल्सिकनं ओक्लाहोमा सिटीची मोठी स्पर्धा त्यावर जिंकली तेव्हा जगाचं लक्ष गेलं. त्याचे मुख्य भाग पाहिले तर रद्दीत टाकावेत असे. 'लँटर्न ऑफ इनसाइट' हा २००४ चा पत्ता. एका मानाचा. तो मांडला की दोघांच्याही गठ्ठ्यातला सर्वांत वरचा पत्ता उघडा राहतो. नुसतं दिसण्याचा उपयोग काय, म्हणून तो वर्षानुवर्षं पडून होता. 'कोडेक्स श्रेडर', तोही एका मानाचा, कुणाच्याही गठ्ठ्यावरचा एक पत्ता थेट टाकलेल्या पत्त्यांत फेकतो. 'घूलकॉलर्स बेल' दोघांच्याही गठ्ठ्यावरचा एकेक फेकते.

हे एकत्र ठेवून बघा. समोरचा आता कोणता पत्ता उचलणार ते मला दिसतं. तो निरुपयोगी असेल तर मी गप्प. कामाचा असेल तर श्रेडर फिरवायचा, तो पत्ता गेला, खालचा उघडा झाला. तोही कामाचा असेल तर बेल. समजा त्याच्या गठ्ठ्यात चारातला एक पत्ता मला धोक्याचा आहे. माझ्याकडे अशी तीन यंत्रं असली, तर त्याला धोक्याचा पत्ता मिळायला सलग चार तसे यावे लागतील, म्हणजे ढोबळ मानानं २५६ त एकदा. एक यंत्र असताना हेच १६ त एकदा. एकेका पत्त्याची किंमत अशी मोजता येते, म्हणून मला हा डेक गणिताच्या बाईंनाही दाखवायचा आहे.

पण पटावर आधीच उभ्या असलेल्या प्राण्यांचं काय? त्यासाठी 'एनस्नेअरिंग ब्रिज'. माझ्या हातात जितके पत्ते, त्यापेक्षा जास्त ताकदीच्या प्राण्याला हल्ला करता येत नाही. म्हणजे हात रिकामा ठेवला की जवळजवळ सगळे प्राणी ठप्प. इतर सगळे खेळाडू हातात पत्ते साठवायला धडपडतात आणि इथे हात लवकरात लवकर रिता करायचा असतो. म्हणून तर शून्य आणि एक मानांच्या वस्तूंची एवढी भरती. 'मॉक्स ओपल' फुकट मांडता येतो आणि तीन आर्टिफॅक्ट झाली की हव्या त्या रंगाचा माना देतो. शेवटी समोरच्याचा गठ्ठा संपतो, त्याला उचलायला पत्ता उरत नाही आणि नियमाप्रमाणे तो हरतो.

दुखरी जागा लवकरच सापडली. 'एन्शंट ग्रज' हा आर्टिफॅक्ट फोडणारा पत्ता टाकलेल्या पत्त्यांतूनही एकदा खेळता येतो. म्हणजे मी श्रेडरनं त्याला फेकला तर त्याचं कामच केलं, मारलेलं माणूस भूत होऊन मानगुटीवर. यावर उतारा 'ग्राफडिगर्स केज', पुन्हा एका मानाचा पिंजरा, ज्यामुळे टाकलेल्या पत्त्यांतून काही खेळता येत नाही. पण पिंजरा सगळ्यांविरुद्ध लागत नाही, मग त्याला जागा किती द्यायची? २०१७ साली 'व्हर ऑफ इन्व्हेन्शन' हा गठ्ठ्यातून हवं ते आर्टिफॅक्ट शोधून आणणारा पत्ता आला आणि उत्तर मिळालं: एक. एक पिंजरा पुरे, शोधून आणता येतो. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, अर्जेंटिनाच्या लुइस साल्व्हातोनं स्पेनमधल्या बिल्बाओची प्रो टूर लँटर्न घेऊन जिंकली.

लोक चिडले. आपला चांगला पत्ता उघडा दिसतो आणि डोळ्यांदेखत फेकला जातो, हे दहा-पंधरा पाळ्या बघत बसायचं. मी नातवाला विचारलं, "तू उठून का नाही गेलास? डाव सोडून पुढचा सुरू करायचा." तो म्हणाला, "आशा होती ना आजी." आशा होती म्हणजे खेळ चालू होता, असं माझं मत आहे. तो म्हणतो की मी समोर बसले नव्हते, म्हणून मला तसं वाटतं. मला मात्र एकच गोष्ट खरंच गैर वाटते. स्पर्धेत फेरीला पन्नास मिनिटं असतात आणि जिंकायला तीनपैकी दोन डाव लागतात. अडवणाऱ्यानं मुद्दाम वेळ काढला तर समोरच्याची फेरीच बुडते. अडवायचं तर हात चपळ हवा. वन्सं निदान अठ्ठी दाबताना विचार करत बसत नाहीत.

जानेवारी २०२० मध्ये मॉडर्नमधून मॉक्स ओपलवर बंदी आली. कारण दुसऱ्या, वेगवान आर्टिफॅक्ट डेकचं होतं, पण लँटर्नचा पायच मोडला. डिसेंबर २०२४ मध्ये ती बंदी उठली. जुने लँटर्नवाले खूश झाले असतील, पण मधल्या काळात जग बदललं होतं. २०२२ मध्ये 'बोसेजू' ही हिरवी जमीन आली आहे, जी हातातून टाकून आर्टिफॅक्ट फोडता येतं. हे प्रकरण मला सर्वांत अवघड वाटतं. पूर्वी आर्टिफॅक्ट फोडणारा पत्ता घालायचा तर साठांतला एक चांगला पत्ता काढावा लागे. आता तो जमिनीच्याच जागेत बसतो, काही गमवावं लागत नाही. शिवाय लँटर्नवाले समोरच्याच्या हातातले धोक्याचे पत्ते आधीच काढायला 'थॉटसीझ' वापरतात, आणि थॉटसीझला जमीन काढता येत नाही.

'पिदिंग नीडल' ही सुई मात्र लागू पडते. ती मांडताना बोसेजूचं नाव घेतलं की तिची ती करामत बंद. नातवानं गेल्या महिन्यात स्वतःच लँटर्न जुळवायला घेतला आहे. सुया दोन ठेवाव्या की तीन, आणि तिसरी ठेवली तर बेल कमी करायची की पिंजरा, इथे त्याचं घोडं अडलं आहे. मी बेल म्हणते आहे.