औषधबाधा आणि नुकसानभरपाईचा हक्क : मुंबईच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा (१९८६ ते २०१९)

प्रस्तावना

मुंबई उपनगरांची औद्योगिक जडणघडण औषधनिर्मितीपासून वेगळी काढता येत नाही. गोरेगाव येथे १९६३ मध्ये सिबा कंपनीचे, तर मुलुंड येथे १९७२ मध्ये हेक्स्ट कंपनीचे संशोधन केंद्र सुरू झाले. या उद्योगाच्या वाढीचा इतिहास बऱ्यापैकी नोंदविला गेला आहे. मात्र औषधाने अपाय झालेल्या रुग्णाला कायद्यात कोणते स्थान मिळाले, या प्रश्नाकडे इतिहासलेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात मुंबईतील दोन प्रकरणांच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

चोप्रा समितीच्या (१९३०-३१) शिफारशींनंतर १९४० मध्ये औषधविषयक केंद्रीय कायदा झाला. त्याचे स्वरूप नियंत्रण व शिक्षा असे होते. परवाना, नमुना, तपासणी आणि खटला या चौकटीत शासन आणि उत्पादक हे दोनच पक्ष होते. रुग्ण त्यात साक्षीदारापुरता उरला. भरपाईसाठी त्याला दिवाणी न्यायालयात अपकृत्याचा दावा लावावा लागे. मागणीच्या रकमेनुसार भरावे लागणारे न्यायशुल्क, निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी आणि वैद्यकीय पुराव्याचा खर्च यांमुळे हा मार्ग सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच राहिला. युरोपात थॅलिडोमाइडग्रस्त बालकांच्या पालकांनी कंपन्यांकडून सामूहिक तडजोडी मिळविल्या. तशी परंपरा भारतात रुजली नाही.

ग्लिसरॉल प्रकरण (१९८६)

जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये भायखळ्याच्या सर ज. जी. रुग्णालयात १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. मेंदूतील वा डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी त्यांना तोंडावाटे ग्लिसरॉल देण्यात आले होते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी द्रव्य आढळले. हे द्रव्य दिसायला आणि चवीला ग्लिसरॉलसारखेच, पण शरीरात गेल्यावर मूत्रपिंडे निकामी करणारे आहे. हा धोका नवा नव्हता. याच द्रव्याने १९३७ मध्ये अमेरिकेत शंभराहून अधिक बळी घेतले होते आणि त्यातूनच तेथे १९३८ चा कडक कायदा झाला होता.

राज्य शासनाने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाने दोष एका पुरवठादारापुरता मर्यादित ठेवला नाही. रुग्णालयाची खरेदीपद्धती, अन्न व औषध प्रशासनातील भ्रष्टाचार आणि परवान्यांच्या कामातील राजकीय हस्तक्षेप ही सारी साखळी त्याने उघड केली. अहवालानंतर १९८८ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. औषधप्रशासनावर इतका परखड प्रकाश टाकणारा दस्तऐवज महाराष्ट्रात दुसरा क्वचितच सापडेल.

तथापि आयोगाचे काम सत्यशोधनाचे होते. त्याचे निष्कर्ष न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखे अंमलात येत नाहीत आणि त्याच्या अहवालाने कोणाच्या कुटुंबाला आपोआप भरपाईही मिळत नाही. शासनाची जबाबदारी चर्चेत आली. रुग्णाचा हक्क मात्र प्रश्न म्हणूनही नीट मांडला गेला नाही.

ग्राहक कायदा आणि मोफत उपचार घेणारा रुग्ण

ग्राहक संरक्षण कायदा डिसेंबर १९८६ मध्ये, म्हणजे या मृत्यूंनंतर अवघ्या दहा महिन्यांनी संमत झाला. त्यामागे ग्राहक चळवळीची पुण्याई होती. १९७५ मध्ये स्थापन झालेली आणि विलेपार्ल्यातून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत ही त्या चळवळीतील एक प्रमुख संस्था होय. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पुढे त्याचा ग्राहक मंच वांद्रे येथे काम करू लागला. अंधेरी वा बोरिवलीच्या तक्रारदाराला तो सरळ लोकलच्या वाटेवर, तर मुलुंड-घाटकोपरच्या तक्रारदाराला दादरला गाडी बदलून गाठता येण्याजोगा होता. दिवाणी दाव्याच्या तुलनेत हा मोठाच बदल होय.

१९९५ च्या व्ही. पी. शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा या कायद्याच्या कक्षेत आणली. परंतु जेथे सर्वच रुग्णांना विनामूल्य सेवा मिळते, अशी रुग्णालये वगळली. परिणामी औषधबाधेची झळ ज्या वर्गाला सर्वाधिक बसते, तोच वर्ग सेवेचा ‘ग्राहक’ ठरत नाही.

या पेचातून वाट काढण्याचा एक युक्तिवाद कायद्याच्या शब्दांतच आहे. मोबदला देऊन वस्तू घेणाऱ्याच्या संमतीने ती वापरणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहक ठरते. रुग्णालयाने पैसे मोजून घेतलेले औषध ही ‘वस्तू’ मानली, तर रुग्ण त्या वस्तूचा वापरकर्ता ठरू शकतो. अशा वेळी तक्रार रुग्णालयाच्या सेवेविरुद्ध नसून उत्पादकाविरुद्ध राहील.

कृत्रिम खुब्याचे प्रकरण

दुसरे प्रकरण शरीरात बसविल्या जाणाऱ्या उपकरणाचे आहे. २००५ मध्ये केंद्र शासनाने अशा काही उपकरणांना कायद्याने ‘औषध’ ठरविले, त्यांत खुब्याचे सांधेही होते. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू विभागाने ऑगस्ट २०१० मध्ये ‘एएसआर’ हा धातूचा सांधा जगभरातून परत मागविला. भारतात त्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. अमेरिकेत २०१३ मध्ये सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली. भारतात केंद्राची तज्ज्ञ समिती २०१७ मध्ये नेमली गेली आणि २०१८ मध्ये भरपाईचे सूत्र ठरले. त्यानुसार रक्कम सुमारे ३० लाख ते सव्वा कोटी रुपये होती. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जनहित याचिका निकाली काढताना हे सूत्र मान्य केले. अमेरिकेत दाव्यांच्या दबावाने जे घडले, ते येथे प्रशासकीय सूत्राने आणि पाच वर्षे उशिरा घडले.

२०१९ चा कायदा

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘उत्पादन दायित्व’ हे स्वतंत्र प्रकरण आणले. निर्मितीतील वा रचनेतील दोष, तसेच वापराविषयी पुरेशी सूचना न देणे, यांसाठी उत्पादक जबाबदार ठरतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांबाबत मात्र एक महत्त्वाचा अपवाद आहे. जे उत्पादन तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायचे असते, त्याचा धोका उत्पादकाने त्या तज्ज्ञाला वाजवी रीतीने कळविला असेल, तर सूचनेच्या अभावाबद्दल तो जबाबदार राहत नाही. डॉक्टरला कळविलेला धोका रुग्णापर्यंत पोहोचला की नाही, हा प्रश्न त्यामुळे उत्पादकाच्या वाट्याला येतच नाही.

दरम्यान, २००८ च्या दुरुस्तीने भेसळयुक्त वा बनावट औषधाने मृत्यू वा गंभीर इजा झाल्यास दोषीकडून वसूल झालेला दंड पीडिताला किंवा त्याच्या नातलगांना देण्याची तरतूद झाली. पण त्यासाठी आधी दोषसिद्धी व्हावी लागते. २०२५ मध्ये छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या औषधातील त्याच डायएथिलीन ग्लायकॉलने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. एकोणचाळीस वर्षांनीही विष तेच राहिले, ही बाब अंतर्मुख करणारी आहे.

निष्कर्ष

चौकशी आयोग, प्रशासकीय समिती आणि ग्राहक मंच या तीन टप्प्यांतून रुग्ण साक्षीदारापासून दावेदारापर्यंत आला, असे या आढाव्यातून दिसते. तथापि हा प्रवास प्रामुख्याने पैसे मोजणाऱ्या रुग्णाचा आहे. मोफत खाटेवरील रुग्णासाठी ‘वापरकर्ता’ या संज्ञेचा आधार न्यायालयांनी स्पष्टपणे मान्य करणे, किंवा कायद्यात तशी निःसंदिग्ध तरतूद होणे आवश्यक आहे. ज. जी. रुग्णालयातील १४ मृत्यूंनी उभा केलेला प्रश्न तोपर्यंत अनुत्तरितच राहील.